आठव्या भागातला ड्युव्हे

माझा नवरा विनय मंगळवारी गेला. त्याच आठवड्यात रोझलिनचं हस्तलिखित आलं आणि इनबॉक्समध्ये पडून राहिलं. महिन्याभरानं लंडनमधल्या पिनरच्या घरी, जेवणाच्या टेबलाशी बसून मी ते उघडलं.

मी कॉपी-एडिटर आहे. पुस्तक छापायला जाण्याआधी ते ओळ न् ओळ तपासणं हे माझं काम. पहिल्या प्रकरणातला घाऱ्या डोळ्यांचा माणूस दहाव्यात काळ्या डोळ्यांचा झाला, तर ते मी पकडायचं. गोष्ट चांगली की वाईट, हे मला कुणी विचारत नाही.

रोझलिन मेलबर्नला राहते. तिच्या मालिकेची नायिका लिन ही तिथल्या पोलिसांत डिटेक्टिव्ह आहे. लिन खुनांचा तपास करते आणि त्यातच दोन मुलांच्या शाळा, पोहण्याचे क्लास, तापखोकला सांभाळते. खून तर सगळ्याच पुस्तकांत असतात. ही पुस्तकं खपतात ती लिनच्या घरामुळे. तिचा नवरा डबे भरता भरता तिला टोमणे मारतो, आणि बऱ्याचदा त्या टोमण्यातूनच तिला खुनाचा धागा सापडतो. आधीचे सातही भाग मीच तपासले होते.

आठव्यात पोलीस स्टेशनची प्रकरणं नेहमीसारखीच होती. चौकशीच्या खोलीतली भाषा चोख. पण लिन घरी आली की काहीतरी बिनसायचं. मुलगा ड्युव्हेखाली लपला होता. मी थांबले. ड्युव्हे हा इंग्लंडमधला शब्द; ऑस्ट्रेलियात त्या जाड पांघरुणाला डूना म्हणतात. लिनच्या घरात सात पुस्तकं डूनाच होता. पुढे मुलीच्या हातात फेल्ट-टिप पेन आलं. तिथली मुलं त्याला टेक्स्टा म्हणतात. मग चादरींच्या सेलला लिनेन सेल म्हटलेलं दिसलं, आणि हे दुसऱ्याच कुणी लिहिलंय अशी माझी खात्री पटत चालली.

या चादरींनी मला पहिल्या भागातच हिसका दाखवला होता. लिनची आई सकाळी ‘मँचेस्टर’च्या सेलला जाते आणि दुपारी मेलबर्नला घरी जेवते, असं एक वाक्य होतं. मी समासात गंभीरपणे प्रश्न टाकला होता: इंग्लंडहून इतक्या लवकर परत कशी आली? उत्तर आलं, ‘आमच्याकडे मँचेस्टर म्हणजे चादरी, टॉवेल, अभ्रे. दुकानात तो विभागच असतो. ती चालत गेली होती.’ तेव्हा हे इराला, म्हणजे आमच्या मुलीला, सांगितलं होतं. ती मँचेस्टरला शिकत होती.

“म्हणजे मी चादरींच्या युनिव्हर्सिटीत आहे?” इरा म्हणाली होती. “बाबाला सांग. फी परत माग म्हणावं.”

सात पुस्तकं ‘मँचेस्टर’ लिहिणारी बाई आठव्यात ‘लिनेन’ का लिहील?

दुसरी गोष्ट जास्त खटकली. लिनचा नवरा. तो होता, पण कधीच खोलीत नव्हता. लिन घरी आली की तो कचरा टाकायला गेलेला. जेवायच्या वेळी गाडीतून काहीतरी आणायला गेलेला. अख्ख्या पुस्तकात त्याच्या तोंडी एक वाक्य नाही. ज्याला दुसऱ्याचं पात्र बोलतं करता येत नाही, तो असंच करतो. त्याला बाहेर पाठवतो.

हल्ली लेखकाच्या करारात एक कलम असतं: पुस्तक माझं एकटीचं आहे, ते दुसऱ्या कुणी किंवा कुठल्या मशिननं लिहिलेलं नाही. संशय आला तर कळवायचं, अशी आम्हाला सूचना आहे. मी फिओनाला फोन केला. फिओना प्रकाशनाची एडिटर. मला काम तीच देते. माझं नाव मेधा आहे, ती मीडा म्हणते.

“मीडा, प्लीज. ड्युव्हेवरून?”

“ड्युव्हेवरून नाही. नवऱ्यावरून.”

“कुणाच्या नवऱ्यावरून?” ती चाचरली. “सॉरी. आय मीन...”

“लिनच्या. तो बोलत नाही.”

तिनं उसासा टाकला. “हे बघ, वरच्या लोकांपर्यंत हे गेलं तर पुस्तक कॅन्सल होईल. नुसतं कॅन्सल नाही, तिला परत कुणी छापणार नाही. साठीची बाई आहे ती. तुला खात्री आहे?”

“घरातली प्रकरणं आधीच्या माणसानं लिहिलेली नाहीत, एवढी खात्री आहे.”

“मग शुक्रवारपर्यंत मला सरळ सांग. हे पुस्तक तिचं आहे, की नाही?”

कॉपी-एडिटर लेखकाशी बोलत नाही, समासात लिहितो. पण एका बाईचं आयुष्यभराचं नाव समासातल्या प्रश्नावर घालवायचं मला पटेना. दुसऱ्या दिवशी सकाळी मी रोझलिनला व्हिडिओ कॉल लावला. तिच्याकडे संध्याकाळ होती. मागे स्वयंपाकघर दिसत होतं. चेहऱ्यावर स्वागत नव्हतं.

“फिओनानं पाठवलं का तुला?”

“नाही. शब्दांचे प्रश्न आहेत. डूना ठेवू की ड्युव्हे?”

“ड्युव्हे लिहिलंय मी?” ती म्हणाली. “कुठे?”

“घरातल्या प्रकरणांत. स्टेशनच्या प्रकरणांत एकही शब्द चुकलेला नाही.”

मी विचारलं, “रोझलिन, ती प्रकरणं कुणी लिहिली?”

“मी.”

ड्युव्हे लिहिल्याचं तिच्या लक्षातही नव्हतं. ती खोटं बोलत नव्हती, हे मला कळलं. मग एकच प्रश्न उरला.

“आणि आधीच्या सात भागांतली?”

ती हसली. मग चष्मा काढून टेबलावर ठेवला. “तू पोलिसांत जायला हवं होतंस,” ती म्हणाली. “डॅननं. माझ्या नवऱ्यानं. मी मुडदे लिहायचे, तो डबे लिहायचा. घरी मुलांपाशी तोच असायचा ना. मी कोर्टात रिपोर्टर होते, मला पोलिसांची भाषा येते. घराची भाषा त्याची.”

“पण तूही तिथलीच...”

“मी इंग्लंडची, लँकशरची गं. पंचविशीत इकडे आले. कामाचे शब्द इथे शिकले. घरातले आईकडून आलेत, ते बदललेच नाहीत. मँचेस्टर माझ्यासाठी गाव आहे. आमची बस जायची तिथे. चादरी त्याच्यासाठी. तुझ्या त्या पहिल्या प्रश्नाला उत्तर त्यानंच दिलं होतं. दोन दिवस हसत होता.”

“लिनचा नवरा सारखा बाहेर का जातो?”

“आत आणून बघितलं,” ती म्हणाली. “बोलेचना. टोमणा लिहायला बसले की मला डॅनच ऐकू यायचा, आणि तो नवीन काही बोलत नव्हता. तो मार्चमध्ये गेला.”

“माझाही गेला,” मी म्हटलं. “नुकताच.”

तिनं चष्मा उचलून पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग तिनं विचारलं, “आता फिओनाला काय सांगणार?”

“तिनं आठव्याबद्दल विचारलंय. त्याचं उत्तर मी देईन. आधीच्या सातांचं तू द्यायचं.”

शुक्रवारी मी फिओनाला सांगितलं, “हे पुस्तक तिचं आहे. शब्द न् शब्द.”

“मग तो ड्युव्हे?”

“ती इंग्लंडमध्ये वाढली.”

“बस, एवढंच? थँक गॉड.”

पुढच्या आठवड्यात रोझलिननं फिओनाला फोन करून सगळं सांगितलं. त्यानंतरचा फोन मला आला.

“मीडा, तुला माहीत होतं?”

“तू आठव्याबद्दल विचारलं होतंस.”

फिओना बराच वेळ बोलत होती. त्यातलं फार थोडं इथे लिहिण्यासारखं आहे. मग वकील आले. सात करार निघाले, दुरुस्त झाले. डॅनचे वारस म्हणून मुलांनी सह्या केल्या. वरच्या लोकांना आधी राग आला. नंतर त्यांना ही बातमी विकता येईल असं वाटू लागलं, आणि राग गेला.

आठव्या भागात मी सगळीकडे डूना, टेक्स्टा आणि मँचेस्टर घातलं. तेवढं माझं काम. नवऱ्याला मात्र हात लावला नाही. तो बाहेरच आहे. एका समीक्षकानं त्याबद्दल लिहिलं, की लेखिकेनं इथे संसारातला दुरावा सूचकपणे टिपला आहे.

या धंद्यात इतकी वर्षं काढल्यावर एवढं कळलं, की मजकुराबद्दल आलेला संशय सहसा खरा असतो. तो कुठल्या पुस्तकावर घ्यायचा, तिथे गफलत होते.

रोझलिन नववा भाग लिहिणार नाही. मालिका आठ पुस्तकांची आहे. सातांवर दोन नावं आहेत, एकावर एक.