विनूदादाचा बिनबर्फाचा डोंगर

रविवारी दुपारी जर्मनीहून केतकीचा फोन आला. "काका, बाबा गेममध्ये उभेच आहेत, हलत नाहीत. फोनही उचलत नाहीत. लॅपटॉप परत हँग झालाय का, जरा बघता?" तिचे बाबा, विनूदादा, माझा मामेभाऊ. आमच्याच तुकोगंजात दोन गल्ल्या पलीकडे राहायचा, दुसरी किल्ली माझ्याकडे असे. जाऊन पाहिलं तर लॅपटॉप व्यवस्थित चालू होता. विनूदादा खुर्चीतच गेला होता...

वहिनींच्या मागे तो घरात एकटाच. फोनवर बापलेकीचं बोलणं "जेवलात का"च्या पुढे सरकत नसे. म्हणून केतकीने त्याला या गेममध्ये ओढलं. दोघं घोड्यावर बसून डोंगर पालथे घालू लागले, की गप्पा तास-दीड तास चालत. अडचण लॅपटॉपची होती. टॅक्सच्या कामापुरता घेतलेला, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. सेकंदाला जेमतेम बारा चित्रं उमटत. हालचाल सलग दिसायला तीसच्या आसपास तरी लागतात. त्यामुळे याचा घोडा अडखळे, केतकी पुढे जाऊन थांबून राही. "तिला माझ्यासाठी थांबावं लागतं यार," एवढंच त्याला खुपे. ती नवा लॅपटॉप पाठवते म्हणाली, तर याचं उत्तर, "कशाला? एकदम बढिया चालतोय."

मग आम्ही दोघं कामाला लागलो. मेमरीची एकच पट्टी होती, तिला जोड दिली. बाराची एकोणीस चित्रं झाली. चित्राचा आकार उतरवला, सावल्या बंद केल्या, गवत काढलं, बर्फही काढला. खालून हवा खेळावी म्हणून लॅपटॉप पोह्यांच्या चाळणीवर ठेवला.

"अरे भिया, डोंगर टकला करून टाकलास."

"सत्तावीस झाली. तुला डोंगर पाहिजे की घोडा?"

"घोडा."

त्यानंतर केतकी म्हणे, "बाबा, बर्फ बघा ना," आणि हा समोरच्या करड्या ढेकळाकडे बघत म्हणे, "क्या बात है, रबडी ओतल्यासारखा."

तेराव्यानंतर केतकीने त्याच्या लॅपटॉपशेजारी आपला उघडला आणि दोन्हींवर गेम सुरू केला. तिच्याकडे पांढरेशुभ्र कडे, देवदार. याच्याकडे मातीचे गोळे.

"काका, बाबांना हे असं दिसायचं?"

"हो."

ती आपला घोडा त्याच्या पडद्यावर घेऊन आली. त्या सपाट मातीवर घोड्यावरची ती मात्र रेखीव उमटली, लाल शालीची वीणसुद्धा दिसत होती. त्याचं कारण मला माहीत होतं. माणसांचे बारकावे उतरवले तर आणखी चार चित्रं मिळतील, हे मी त्याला दोनदा सांगितलं होतं. "बाकी सब जाऊ दे," तो म्हणाला होता, "ती नीट दिसली पाहिजे."

 केतकीने सेटिंगला हात लावला नाही.

लॅपटॉप आता माझ्याकडे आहे. रविवारी केतकी हाक मारते, मी घोड्यावर बसतो. बर्फ अजून बंदच आहे.