भिंतीपलीकडची जास्वंद

जास्वंद आमच्या अंगणात होती आणि फुलं शेजाऱ्यांकडे. आमच्या वाट्याला नुसत्या काटक्या. बुंध्यापासून छातीइतक्या उंचीपर्यंत एक पान नाही, आणि भिंत ओलांडली की हिरवागार शेंडा, त्यावर लालभडक फुलं.

यात निम्मा गुन्हा आमचा. नवरा राजुरीचा, टोमॅटोत वाढलेला. घोडेगावातलं हे अंगण उन्हाळ्यात तापतं म्हणून त्याने शेतावर उरलेली शेडनेट वर ताणली आणि जास्वंद सावलीत गेली. ती उजेड शोधत लांबत सुटली. लांबून लवली, तेव्हा त्याने तिला टोमॅटोसारखी सुतळीने बांबूला बांधली आणि वर ओंजळभर युरिया दिला. ती आणखी लांबली. आमच्याकडे लवलेल्या झाडाला बांबू आणि न लवलेल्याला युरिया देतात. हिला दोन्ही मिळालं.

उरलेला गुन्हा शेजाऱ्यांचा. ते आळीतल्या मंदिर समितीचे अध्यक्ष. बायकोसुद्धा त्यांना अध्यक्षच म्हणते. माइकवर ते छापील मराठी बोलतात, गच्चीवर आले की 'न्हाई' आणि 'आमी'. रोज सकाळी ते गच्चीवरून आकडी टाकत, फांदी ओढून घेत आणि पिशवी भरत. आम्ही बौद्ध, घरात देव्हारा नाही. म्हणजे फुलं आमच्याकडे वायाच जाणार, असा त्यांचा समज. विचारलं कधीच नाही. समितीच्या कार्यक्रमात 'अध्यक्षांच्या बागेतील पुष्पे' एवढं मात्र मी घरबसल्या कर्ण्यावरून ऐकलं आहे. त्यांच्या बागेत नुसती पाण्याची टाकी आहे.

थंडी सरत आली तेव्हा त्या आकडीने एक फांदी सालीसकट बुंध्यापर्यंत फाटली. माझ्या आईने खोडदच्या तिच्या झाडाची काडी मला दिली होती, त्याच काडीची ही जास्वंद. खोडदचं घर पाडलं तेव्हा ते झाड गेलं, आणि आता आईही नाही. असा आणखी एक हिसका बसला असता तर बुंधा दुभंगला असता आणि काडी लावायलाही काही उरलं नसतं.

मी नवऱ्याला शेडनेट उतरवायला लावली, सुतळ्या कापल्या आणि ओळखीच्या बागायतदाराकडून द्राक्षछाटणीची कात्री आणली. गच्चीवर लगेच अध्यक्ष हजर.

"काय चाललंय बाई?" मी शाळेत शिकवायचे, म्हणून बाई.

"छाटणी."

"चतुर्थी तोंडावर आलीय."

"येऊ द्या की."

"देवाचं झाडय हे. त्याला कात्री लावू न्हाई."

"आकडी चालते?"

"आमी फुलं देवाला वाहतो. तुमी काय करता?"

"नुसती बघते."

"जाऊ द्या," ते म्हणाले. " तुमच्या लोकांना न्हाई कळायचं त्यातलं."

'तुमच्या लोकांना' हे मी नोकरीभर स्टाफरूममध्ये ऐकलं आहे, बहुधा पाठीमागून. समोरून ऐकल्याचा फायदा असा, की कात्री नेमकी चालते. मी त्यांच्या गच्चीकडे गेलेली सर्वांत जाड फांदी धरली, आमच्या अंगणाकडे तोंड असलेला डोळा, म्हणजे कोंब फुटायची जागा, शोधला आणि त्याच्या जरा वर तिरका काप दिला. शेंडा फुलांसकट त्यांच्या गच्चीवर पडला. तो त्यांना राहू दिला. भिंतीवरच्या फांद्या त्या दिवशी उतरवल्या, बाकीच्या नंतरसाठी ठेवल्या. सगळं एकदम छाटलं तर झाड बसतं, पुन्हा फुटत नाही.

संध्याकाळपर्यंत आळीत बातमी होती की बाईंनी चांगलं झाड मारलं.

"अध्यक्षांशी वाकडं कशाला घेतेस?" नवरा म्हणाला. "लई डूख धरतो तो."

"मी झाड छाटलंय. त्यांचं पॅनेल नाही पाडलं."

पुढे बरेच दिवस अंगणात नुसते खुंट होते. अध्यक्ष गच्चीवरून ते पाहत आणि शेजारी उभ्या असलेल्या कुणालातरी दाखवत. मीही आतून धास्तावले होते. कुणी नसताना नखाने साल खरवडून पाही; आत हिरवं दिसलं की घरात येई. मग एकदा त्या तिरक्या कापाखालचा डोळा फुगला. नंतर बुंध्यापाशी, जिथे कधी पान नव्हतं, तिथे कोंब आले. उरलेल्या उंच फांद्याही मी उतरवल्या. ऊन आता थेट बुंध्यावर पडत होतं. वळीव झाल्यावर झाड कमरेइतकं, गच्च भरलेलं, आणि पहिली फुलं आमच्या दारासमोर उघडली. आकडी तिथवर पोचत नव्हती.

पुढच्या एका चतुर्थीला अध्यक्ष आमच्या फाटकाशी आले. हातात पिशवी.

"बाई, चार फुलं द्या ना बाहेर."

"आत या. हवी तेवढी तोडून घ्या."

त्यांनी अंगणाकडे पाहिलं. "न्हाई, पायाला चिखल लागलाय."

"अंगण मातीचंच आहे."

"सोवळ्यात आहे हो मी."

"मग झाडही आमच्याच आळ्यात आहे. पाणीसुद्धा आमचंच पितं."

फाटक उघडं होतं. मीच उघडलं होतं. रस्त्यावरून दोघे-तिघे बाजारपिशव्या घेऊन गेले आणि त्यांना नमस्कार करून गेले. त्यांनी नमस्कार घेतला, पिशवीची घडी केली आणि ते स्टॅण्डच्या बाजूला, हारवाल्याकडे निघाले.

फुलं दिवसभर झाडावर राहिली आणि संध्याकाळी मिटली. फाटक लावून मी झाडापाशी बसले. दोन नवे कोंब भिंतीच्या दिशेने निघाले होते. त्यांचे शेंडे मी नखाने खुडले.