मीठ कोणी टाकलं?

बाटली उजेडाला धरायची, डोळे बारीक करून बघायची आणि मनासारखी नसली तर सरळ भिंतीवर फोडायची. "पिरिंजु पोच्चु!" तमिळमध्ये, 'फाटलं!' चेन्नईतल्या गिंडीच्या आमच्या शांपूच्या कारखान्यात चीफ केमिस्ट, आमचे सर, असे ओरडले की आम्ही टेबलाआड वाकायचो.

ते तंजावरकडचे मराठी. मी सांगलीहून नवा आलेलो. शिकवताना माझी मान धरून नाक टाकीपर्यंत नेत. "बघ रे डा. पॉलिमर आणि फेसाचा अर्क एका पाण्यात नांदतात, पण मनापासून नव्हे. दाट व्हायला मीठ घालायचं, पण चिमूट चिमूट. घाई केलीस की वर पाणी, खाली लगदा."

एका दुपारी मी घाई केली. मिठाचं अर्धं पोतं एकदम ओतलं. तळाशी रबरासारखा गोळा धरला. मारिअप्पन, आमचा जुना कामगार, काठीने तो मोडायला वाकला. आत पातं फिरतच होतं. काठी ओढली गेली, मागोमाग त्याचा हात. हाड मोडलेलं मोटारीच्या घरघरीतही ऐकू आलं.

सरांनी मोटारीची वायरच उपटली. लाल फेसात खांद्यापर्यंत हात घालून त्याला सोडवलं. मग वळले.

"मीठ कोणी टाकलं?"

मी पोतं पायाने मागे सरकवलं. कानाखाली अशी बसली की मी पिंपांवर आदळलो.

मारिअप्पनला रिक्षात घालून नेलं, तेवढ्यात मालक आले. "मोटार चालू असताना वाकतो कसा? चूक त्याचीच. अपघाताच्या नोंदीत तसंच लिहा."

सरांनी त्यांची कॉलर धरून डोकं टाकीच्या कडेवर आपटलं. एकदा. पुन्हा एकदा. आम्ही चौघांनी सरांना ओढून काढलं, तेव्हा ते धापा टाकत होते. "लिहा. मीठ मी टाकलं."

पोलिसांनी त्यांना नेलं. नोकरी गेली. मी गप्पच राहिलो.

पाचव्या दिवशी सरकारी इस्पितळात गेलो. मारिअप्पनचा हात कोपरापासून काढला होता. जामिनावर सुटलेले सर शेजारी बसून त्याला इडली भरवत होते.

मारिअप्पन माझ्याकडे बघून म्हणाला, "सर सांगतात, मीठ त्यांनी टाकलं. पण पोतं मी तुझ्या हातात पाहिलं होतं."

"आधी खा," म्हणत सरांनी त्याच्या तोंडात घास कोंबला.

"मीच टाकलं," मी म्हणालो.

सरांनी ताटली माझ्या हातात दिली. "मग आता तू भरव." चपला पायात सरकवून ते निघून गेले. पुन्हा कधी दिसले नाहीत.

मी इडली मोडली. मारिअप्पनने बराच वेळ तोंड उघडलं नाही. मग उघडलं.