पडद्याची मोटार

माझे सासरे, आम्ही त्यांना मामंजी म्हणत असू, ग्वाल्हेरला लश्कर भागातल्या एका सरदारांकडे मोटारी राखायच्या कामावर होते. ड्रायव्हर वेगळा होता. रोज सकाळी बादली आणि फडकी घेऊन धूळ काढणारा गडीही वेगळा होता. मामंजींचं काम या दोघांहून निराळं. महिन्या-दोन महिन्यांनी ते एकेक मोटार मोटारखान्यात आत घेत, गाद्या बाहेर काढत, पायाखालचे गालिचे उचलत, आणि दोन-तीन दिवस तिच्यातच राहिल्यासारखे राहत. कातड्याला साबण, मग तेल, मग मेण. लाकडी पट्ट्यांना वेगळं पॉलिश. रंगावर उठलेले बारीक ओरखडे बोटाच्या टोकानं घासून घासून काढायचे. आता माझ्या नातवाचा मित्र मुरार भागात हेच काम दुकान घालून करतो. "आजी, वॉशिंग अलग चीज है, डिटेलिंग अलग," असं मला समजावून सांगतो. मी ऐकून घेते.

मामंजींना हे कुणी शिकवलं नव्हतं. आमच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या रिसाल्यातली चाकरी. त्यांचे वडील घोडेस्वार होते, आणि मामंजी लहानपणी जिनं घासत मोठे झाले. घोडे कमी झाले, मोटारी आल्या, तेव्हा कातड्याची जाण तेवढी हातात राहिली. मला ते म्हणाले होते, "धुतलेली गाडी लांबून बघायची. आपण केलेल्या गाडीत डोळे मिटून हात फिरवायचा. बोट कुठं अडलं, तर काम झालेलं नाही."

मला हे सांगितलं त्याचं कारण असं, की लग्न होऊन आल्यावर वर्षभरात त्यातलं थोडं काम माझ्याकडेही आलं. तीन मोटारींपैकी एक जनान्याची होती. काळी, लांब, मागच्या भागाला चहूबाजूंनी जाड पडदे. घरातल्या बायका तिच्यातून देवळात, लग्नाकार्याला जात. तिच्या आतल्या बाजूला पुरुषानं हात लावायचा नाही असा त्या घरचा शिरस्ता. मोलकरणी झाडून घेत, पण मामंजींना ते पटत नसे. माझं शिवणकाम बरं होतं. त्यांनी आईसाहेबांना, म्हणजे सरदारांच्या पत्नीला विचारलं आणि मी आत बसून काम करू लागले. मामंजी बाहेर उभे राहून सांगत, मी करत असे.

तिथंच वहिनीसाहेबांशी ओळख झाली. धाकट्या सरकारांची, म्हणजे सरदारांच्या मुलाची ती बायको, माझ्याच वयाची. मोटार आत घेतली की कधीकधी दुपारच्या वेळी येऊन पुढच्या सीटवर बसायची. स्टिअरिंग धरून म्हणायची, "मला एकदा चालवून बघायचीय गं. पडदा बिडदा काही नको." मी हसायची. तीही हसायची, मग मागं वळून दरवाज्याकडे बघायची, कुणी ऐकलं तर नाही ना म्हणून.

संस्थान विलीन झालं तेव्हा आमच्या दोन खोल्यांत फारसं काही बदललं नाही. नवं राज्य मध्य भारत झालं, राजधानी थंडीत ग्वाल्हेर आणि उन्हाळ्यात इंदूर अशी ठरली. मग जहागिरी जाणार हे पक्कं झालं आणि वाड्यातली माणसं कमी होऊ लागली. आधी बादलीवाला गडी गेला. मग ड्रायव्हरलाही निरोप दिला. त्याचं नशीब चांगलं, त्याला नव्या सरकारच्या मोटारखान्यात जागा मिळाली. धाकटे सरकारही सरकारी नोकरीत लागले होते. त्या उन्हाळ्यात दफ्तरं इंदूरला निघाली तसे तेही गेले, आणि सरकारी गाड्यांबरोबर आमचा जुना ड्रायव्हरही गेला. वहिनीसाहेबांना सातवा सरून आठवा लागला होता. त्या इथंच राहिल्या.

मोटारी नुसत्या उभ्या होत्या. बाहेरचा मिस्त्री बोलवणं बंद झालं होतं. मामंजी मात्र आपलं काम करतच होते. मी म्हटलं, "कुणी बसत नाही तर कशाला?" ते म्हणाले, "बसत नाही म्हणूनच. कातडं वापरात नसलं की लवकर तडकतं."

मे महिन्यात, दिवस भरायच्या आधीच, वहिनीसाहेबांना कळा सुरू झाल्या. उन्हाळ्याचा गरम वारा, लू, चालली होती, रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. सुईण सकाळपासून आत होती. दुपार कलली तेव्हा ती बाहेर येऊन म्हणाली, "मेरे बस का नहीं है, अस्पताल ले चलो." सरदार स्वतः अर्धांगानं अंथरुणाला खिळलेले. घरात मोटार चालवू शकणारं कुणीच नव्हतं. मामंजींना धुण्यासाठी मोटारखान्यातून गाडी पुढे-मागे घेता येत असे, तेवढंच. आईसाहेब म्हणाल्या, "तुम्हीच घ्या."

मामंजींनी हँडल मारून मारून मोटार सुरू केली. वहिनीसाहेबांना चादरीत धरून आणलं. मी दाराशी होते. त्यांचा चेहरा मला दिसला नाही, फक्त एक पाय दिसला, सुजलेला, पैंजण काढून घेतलेला. आईसाहेब आणि सुईण आत बसल्या, पडदे ओढले आणि मोटार फाटकाबाहेर गेली.

अंधार पडायच्या सुमाराला मामंजी पायी परत आले. सदरा घामानं पाठीला चिकटलेला. मी पाणी दिलं ते त्यांनी हातात धरून ठेवलं.

"काय झालं?"

"गेल्या. बाळही."

त्यापुढे ते त्या दिवशी बोलले नाहीत. वाड्यातून आम्हाला सांगण्यात आलं ते असं, की रस्त्यातच क्षणात प्राण गेला, काही त्रास झाला नाही, देवाची मर्जी. मोटार लोकांनी ढकलत आणून मोटारखान्यात लावली होती. आईसाहेबांनी तिला कुलूप घालायला लावलं. इंदूरहून धाकटे सरकार आले, तेरावा झाला, ते परत गेले. कुलूप तसंच राहिलं.

पावसाळा संपल्यावर मोटारी विकायचं ठरलं. दोन लगेच गेल्या. तिसरी बघायला नया बाजारातले एक ठेकेदार आले. मामंजींनी कुलूप काढलं, दार उघडलं, आणि ठेकेदारांनी उपरणं नाकाला लावलं. आत काय झालं होतं ते त्यांच्याही कानावर आलं असावं. बाहेरून मडगार्डवर हात फिरवून ते म्हणाले, "गाड़ी अच्छी है. अंदर से धुलवा दीजिए, ले जाऊँगा."

सरदारांनी मामंजींना बोलावून घेतलं. त्यांची वाचा अर्धी गेली होती, शब्द जड यायचे. "अशी करा," ते म्हणाले, "की काही झालंच नव्हतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्या मोटारीत शिरले. मामंजी नेहमीसारखे बाहेर उभे राहिले नाहीत. पडदे मी आधीच काढले होते. ते दुसऱ्या दारानं आत आले आणि माझ्यासमोर गुडघ्यांवर बसले. आता तिथं शिरस्ता पाळायला कुणी उरलं नव्हतं.

रक्त गार पाण्यानं काढायचं असतं. गरम पाणी लागलं की ते कायमचं बसतं. गालिचा आम्ही सरळ जाळायला दिला. गादीखालचा काथ्या काळा होऊन एकमेकांत चिकटला होता, तो मुठीमुठीनं उपसून काढला. छताच्या लोकरी कापडाला रिठ्याचं पाणी लावलं. तिथंही शिंतोडे होते. ते तिथवर कसे गेले असतील याचा विचार करायचा नाही असं मी ठरवलं आणि तोच विचार करत राहिले. दोनदा मी पाणी बदलायला बाहेर गेले. मामंजी तेवढा वेळ हात थांबवून बसून राहत, मी परत आले की पुन्हा सुरू करत.

तिसऱ्या दिवशी कातडं साफ झालं तेव्हा ते ओरखडे दिसले. गादीच्या कडेला, बसणाऱ्याचा हात जिथं खाली लोंबतो तिथं. चार-चार रेघा, एकावर एक, कितीतरी. काही नुसत्या वरवरच्या, काही कातडं फाडून खाली गेलेल्या. दाराच्या लाकडी पट्टीवरही होत्या, आणि तिथल्या एका फटीत नखाचा तुकडा होता.

क्षणात प्राण गेलेल्या माणसाच्या हातून एवढं होत नाही.

"मामंजी," मी म्हटलं, "किती वेळ लागला होता?"

ते मेण मळत होते. मळतच राहिले. मग म्हणाले, "नई सडकेवर गाडी बंद पडली. मी हँडल मारलं, काही होईना. टाकीत तळाला गंज बसला असणार. मला कुठून कळणार? मला इंजिनातलं काय कळतं?"

"मग?"

"लोक जमले. ढकलायला लागले. चढ होता. थोडी पुढे जायची, पुन्हा थांबायची. मी एक टांगा थांबवला. टांगेवाला खाली उतरून उभा राहिला, म्हणाला, बाई को इसमें लिटा दो, अभी पहुँचाता हूँ. मी पडद्याबाहेरून आईसाहेबांना हात जोडले. त्या म्हणाल्या, भर बाजारात, एवढ्या माणसांच्या देखत, सुनेला बाहेर काढू? पडदा उघडायचा नाही. तशीच ढकला." ते थांबले. "आतून आवाज येत होता, सूनबाई. शेवटी तो बंद झाला."

मी गादी शिवायला सुई हातात घेतली.

"आणि लोक काय म्हणत होते, ठाऊक आहे? ढकलता ढकलता. क्या गाड़ी रखी है साहब, शीशे जैसी. मला म्हणत होते. माझ्या पाठीवर थाप मारून म्हणत होते."

ते रडले नाहीत. पुन्हा मेण मळू लागले. मला आईसाहेबांचा राग आला, इतका की हातातली सुई मी गादीत खुपसली. आज वाटतं, त्या बाईलाही तिच्या सासूनं असंच पडद्यात बसवलं असेल. पण त्या दिवशी तसं वाटलं नाही, आणि वाटायलाही नको होतं.

"हे मी भरणार नाही," मी म्हटलं. "राहू दे. विकत घेणाऱ्याला दिसू दे."

"विकत घेणाऱ्याला काय समजणार त्यातलं?" ते म्हणाले. "म्हणेल मांजरानं ओरबाडलं."

त्यांनीच सुरुवात केली. पातळ मेणात काळा रंग मिसळून, चाकूच्या बोथट टोकानं एकेक रेघ भरायची, वाळू द्यायची, घासायची. पण रंग रेघेबाहेर जात होता. थोड्या वेळानं मी त्यांच्या हातातून चाकू घेतला. जिथं कातडं फाटलं होतं तिथं आतून पट्टी लावून शिवलं. काम संपलं. नंतर मी डोळे मिटून त्या कडेवरून हात फिरवला. बोट कुठंही अडलं नाही. माझ्या हातून त्याहून चांगलं काम कधी झालं नाही, आणि मला त्याची किळस आली.

दफ्तरं तेव्हा ग्वाल्हेरला परतली होती. मोटार जायच्या आदल्या संध्याकाळी धाकटे सरकार मोटारखान्यात आले. कचेरीतून सरळ आले होते, कोट अंगावरच होता. त्यांनी मागचं दार उघडलं आणि आत जाऊन बसले. मी कोपऱ्यात सामान आवरत होते, मामंजी दाराशी उभे.

"इथंच ना?"

"होय सरकार."

त्यांचा हात गादीच्या कडेवर होता. तो पुढे गेला, मागे आला.

"तुम्ही बरोबर होतात. फार त्रास झाला का तिला?"

मी मामंजींकडे बघितलं. हा माणूस खोटं बोलत नसे. त्यांना ते जमतच नसे, चेहरा लगेच लाल व्हायचा.

"नाही सरकार," मामंजी म्हणाले. "लगेच गेल्या. काही कळलं नसेल त्यांना."

चेहरा लाल झाला नाही. धाकट्या सरकारांनी मान हलवली. मग ते उठून गेले.

पुढे मामंजींना सरकारी मोटारखान्यात नोकरी लागली. तिथं जीपगाड्या असत. पाण्याचा नळ, बादली, फडकं. एक झाली की दुसरी. चिखल गेला की काम झालं. त्यांच्या हातचं काम ठाऊक असलेल्या एका अधिकाऱ्यानं आपली खासगी मोटार नीट करून द्याल का म्हणून विचारलं, तर मामंजी म्हणाले, "साहेब, मी फक्त धुतो." घरी मेणाचे डबे, ब्रश, कातड्याची फडकी होती, ती त्यांनी मला न विचारता कुणाला तरी देऊन टाकली. सासूबाई त्याआधीच वारल्या होत्या. मामंजी संध्याकाळी येत, जेवत आणि भिंतीकडे तोंड करून निजत. हे, म्हणजे माझे यजमान, म्हणायचे, बाबा थकलेत. मी त्यांना काही सांगितलं नव्हतं.

मग पुन्हा सगळं मोडून नवं मांडलं. मध्य भारतही गेला, मोठं मध्य प्रदेश झालं, राजधानी भोपाळला गेली. आमच्या गल्लीतली घरंच्या घरं रिकामी झाली. मोटारखान्यातल्या जीपगाड्या रांगेनं भोपाळला निघाल्या. मामंजींचं वय झालं होतं, त्यांना नेलं नाही. ते घरी बसले. त्या हिवाळ्यात छातीत कफ धरला आणि माघात ते गेले.

धाकटे सरकार समाचाराला येतील असं मला वाटलं नव्हतं. ते भोपाळला मोठ्या हुद्द्यावर होते, दुसरं लग्न झालं होतं. कामासाठी ग्वाल्हेरला आले होते, कुणाकडून तरी कळलं. आमच्या खोलीत एकच खुर्ची होती, ती मी पुढे केली. ते बसले नाहीत. हे बाहेर गेले होते, घरात मी एकटीच होते.

"त्यांनी मला खोटं सांगितलं होतं," ते म्हणाले. "तुम्ही तिथं होतात."

मी मामंजींच्या तसबिरीपुढची वात सारली.

"मला ठाऊक होतं. सुईणीला मी तेराव्यालाच गाठलं होतं. तिनं सगळं सांगितलं. टांग्याचंसुद्धा."

"मग त्यांना विचारलंत कशाला?" माझ्या तोंडून निघून गेलं. "पुढं त्यांना झोप लागत नव्हती, सरकार."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. 

"कुणीतरी नाही म्हणावं असं वाटत होतं," ते म्हणाले. "खरं ठाऊक असलेल्या माणसानं."

त्यांनी मामंजींच्या तसबिरीला नमस्कार केला. चहा विचारला, तो नको म्हणाले. बाहेर जीप सुरूच होती. ती गल्लीच्या वळणापर्यंत गेलेली मी बघितली, मग आत येऊन तांदूळ निवडायला घेतले. दुसऱ्या दिवशी दहावा होता, आणि भोपाळहून येणारे पाहुणे सकाळच्या गाडीनंच पोचणार होते.