पहिला खेळ कुठे झाला?

धाकटी हल्ली फोनवर भांडत नाही, ही काळजी आईच्या मनातून जात नव्हती. एरवी आईने दोनदा जेवणाचं विचारलं तरी फणकारणारी पोरगी आता "हो आई, बरं आई" म्हणून फोन ठेवून द्यायची. तिला काय सलतंय ते आईला पक्कं ठाऊक होतं.

धाकटी एका चित्रपट-संग्रहालयात नोकरीला होती. आलेलं प्रत्येक काम बघायचं आणि ठरवायचं, की हा चित्रपट, हा टीव्हीचा कार्यक्रम, की नुसता व्हिडिओ. तिथे नियम एकच, पहिला खेळ कुठे झाला? थिएटरात झाला तर चित्रपट, टीव्हीवर झाला तर कार्यक्रम, दोन्हीकडे नाही तर व्हिडिओ. लांबी किती, कलाकार कोण, याला तिथे कोणी विचारत नाही. बाबांनी एकदा मुद्दाम खोडी काढली होती, आमच्या लग्नाची कॅसेट कशात बसते म्हणून. ती म्हणाली, "व्हिडिओत. पण आईची रडारड बघता मालिकाच म्हणायला हवी." बाबा ते भेटेल त्याला सांगत सुटले होते.

मग एक दिवस ते म्हातारे दिग्दर्शक आले. उभ्या जन्मात त्यांनी एकच चित्रपट केला होता. संग्रहालय जुने चित्रपट दुरुस्त करून मोठ्या पडद्यावर दाखवणार होतं आणि धाकटीने त्यांचं काम टीव्हीच्या कार्यक्रमांत टाकल्यामुळे ते वगळलं गेलं होतं. काठी मांडीवर आडवी घेऊन ते तिच्यासमोर बसले. टीव्हीच्या आधी तो एका लहानशा थिएटरात लागला होता, म्हणाले, पण प्रेक्षकच येईनात म्हणून लगेच उतरवला. ते थिएटर आता पडलं होतं, मालकही राहिला नव्हता.

"आजोबा, माझा विश्वास आहे तुमच्यावर. पण नुसत्या शब्दावर मला बदल करता येत नाही."

"मग तुझा विश्वास घेऊन मी काय करू, बाळ?"

रागाचा लवलेश नव्हता आवाजात. उठताना एवढंच म्हणाले, की एक डोळा गेलाय, दुसराही निघायच्या बेतात आहे, म्हणून घाई केली.

पुढे कधीतरी धाकटीने टीव्हीवरच्या त्या जुन्या प्रसारणाची टेप पुन्हा लावली. चित्रपटाचं पहिलं रीळ संपत आलं, तशी चित्राच्या कोपऱ्यात एक वेडीवाकडी फुली चमकून गेली. पुढच्या रिळाच्या शेवटीही तशीच. पुढचं रीळ लावलेलं दुसरं मशीन कधी सुरू करायचं ते कळावं म्हणून थिएटरातले ऑपरेटर सुईने फिल्मवर अशा खुणा ओरखडत. टीव्हीवाल्यांना त्यांचा काही उपयोग नसतो. म्हणजे टीव्हीने दाखवलेली फिल्मची प्रिंट त्याआधीच थिएटरात चालली होती. म्हातारा खरं बोलत होता आणि पुरावा पहिल्यापासून तिच्या डोळ्यांसमोर होता. पहिल्या वेळी तिने टेप पळवत पाहिली होती.

तिने त्याच संध्याकाळी आईला फोन केला. माझी चूक साहेबांना सांगू का, म्हणाली. आणि आईने काय सांगावं? "गप्प बस जरा. नोकरी आत्ता कुठे कायम झालीय. कोणी विचारलंय का तुला?" लेकीच्या काळजीपोटी तोंडातून गेलं ते. धाकटीने ऐकलं, हेच वाईट झालं. इतर वेळी ऐकते कुठे?

काल ती सांगत होती, म्हातारेबुवा आता घरातल्या घरात भिंत धरून चालतात. समोर कोण आलं ते अजून ओळखतात, पण अगदी जवळ आल्यावर. हे सगळं तिने बातम्या वाचाव्यात तसं सांगितलं आणि फोन ठेवला.

आई कपड्यांच्या घड्या घालत होती. एकच टॉवेल तिने कितीदा उलगडला आणि पुन्हा त्याची घडी घातली. पोरीला आपण सांभाळलं असं तिला वाटलं होतं. सांभाळलं कसलं, एका माणसाची उरलीसुरली नजर आपण दोघींनी मिळून वाया घालवली. साहेब ओरडतील, फार तर दुसऱ्या विभागात बसवतील. बसवू देत. मोठ्या पडद्यावर अंधुक का होईना, त्यांना आपला चित्रपट दिसेल, एवढा वेळ अजून असेल कदाचित. नसेलही.

टॉवेल तसाच टाकून ती फोनकडे गेली. आधी धाकटीला सांगायचं, जा आणि साहेबांना सगळं सांग, आजच. आणि मी चुकीचं सांगितलं होतं, हेही.