बोरगावकर सरांचे बत्तीस

मुलाखतीत बोरगावकर सर मला पहिल्यांदा म्हणाले ते एवढेच, "तोंड उघडा."

मराठीच्या शिक्षकाच्या जागेसाठी मी नांदेडहून लातूरला गेलो होतो. आठवडाभर वृत्ते आणि अलंकार घोकले होते. मुख्याध्यापकांना कविता ऐकायची असावी असे वाटून मी तोंड उघडले आणि ओळ आठवू लागलो. तेवढ्यात सर टेबलाला वळसा घालून आले, माझी हनुवटी दोन बोटांत धरून खिडकीकडे वळवली आणि आत डोकावले.

"खालची एक दाढ सिमेंटची आहे," ते बाकीच्या दोघा परीक्षकांना म्हणाले. "बाकी ठीक."

मी मराठीचा म्हणून आलो होतो, पण मराठीतले शेवटपर्यंत कोणी काही विचारले नाही. नोकरी मिळाली. पुढे एकदा धीर करून मी कारण विचारले, तर म्हणाले, "म्या मुखेडच्या बाजारात वाढलेला मानूस हाय. दात बघितल्याबिगर आमच्यात बैल घेत न्हाईत. मास्तर तर तीस वर्षं दावणीला ऱ्हातो."

सरांना दोन मराठी येत. माईकसमोरची मराठी इस्त्रीची होती. तिच्यात 'किंबहुना' आणि 'प्रस्तुत प्रसंगी' असे. माईक बंद झाला की ते थेट मुखेडला पोचत. शिक्षकांना ते विषयाच्या नावाने हाक मारत. "गणित कुठं गेलं? भूगोल चहा पिऊन राहिला काय?" मी अर्थातच 'मराठी' होतो. "ओ मराठी, हिकडं या," असे बावीस वर्षे ऐकल्यावर माणसाला आपण भाषा नसून प्राणी आहोत, याचा हळूहळू विसर पडतो.

पण लातूर जिल्ह्यात सर ओळखले जात ते दातांसाठी. तोंडात बत्तीसच्या बत्तीस दात, सगळे स्वतःचे, एकही भरलेला नाही, दवाखान्याची पायरी कधी चढलेले नाहीत. हे ते दर भाषणात सांगत आणि सांगून थांबत नसत. सत्काराच्या तबकातली अख्खी सुपारी उचलायची, उजव्या दाढेखाली धरायची, माईक गालाला लावायचा आणि फोडायची. 'कडाक्' असा आवाज कर्ण्यातून मैदानभर जाई. मग सुपारीची दोन शकले तळहातावर धरून ती सभेला दाखवायची. यावर टाळ्या पडत. शाळेच्या निकालावर पडत नसत इतक्या पडत. आपल्याकडे माणसाने केलेले विसरले जाते. त्याने फोडलेले लक्षात राहते.

"ज्याला दात सांभाळता येत नाहीत, तो संसार काय सांभाळणार?" हे त्यांचे सुभाषित होते. निवृत्त झाल्यावर तर त्यांना दंतचिकित्सा शिबिरांची उद्घाटनेही येऊ लागली. दवाखान्याची पायरी न चढल्याचा अभिमान असलेला माणूस दंतवैद्यांच्या मंचावर बसून सुपारी फोडतो आणि समोरचे सगळे डॉक्टर टाळ्या वाजवतात, हे दृश्य मी दोनदा पाहिले आहे.

माझ्या सिमेंटच्या दाढेचे पुढे रूट कॅनल झाले आणि तिच्यावर टोपी बसली. सरांनी ती स्टाफरूममध्ये सर्वांसमोर तपासली. "म्हंजे दात मेला. मेलेल्याला फेटा बांधून वरातीत उभा केलाय ह्यांनी," ते म्हणाले. गणित आणि भूगोल पोटभर हसले.

मग सर चौऱ्याहत्तर वर्षांचे असताना त्यांची ती सुप्रसिद्ध उजवी दाढ दुखू लागली.

हे मला त्यांच्या पत्नीकडून कळले. इंदूवहिनी कमी बोलत. चाळीस वर्षे भाषणे ऐकून त्यांनी स्वतःचे शब्द शिलकीत ठेवले होते. त्या म्हणाल्या, "भाऊजी, लवंगेचं तेल झालं, तुरटीच्या गुळण्या झाल्या, तंबाकूची चिमूट झाली. परवा आठवडी बाजारातल्या कीड काढनाऱ्या बाईकडं जाऊन आले. तिनं नळीतून धूर दिला अन् वाटीत सात किडे काढून दाखविले."

"आणि दुखणं?"

"दुखनं तिथंच हाय. किड्यांचाच धक्का बसलाय. फुकट ऱ्हात व्हते म्हने सात जन."

मी आत गेलो. सरांचा उजवा गाल कवठासारखा सुजला होता. गांधीलमाशी चावली, असे ते सर्वांना सांगत होते. सलग चार दिवस, त्याच ठिकाणी. मी दवाखान्याचे नाव काढले, तसे ते उसळले. "लातुरात? वेटिंगला निम्मे माझे विद्यार्थी बसलेले असतेत! उद्या पेपरात येईल. पुढल्या महिन्यात पंच्याहत्तरीचा सत्कार हाय माझा, मराठी. काय सांगू स्टेजवर? एकतीस?"

आकडा उच्चारताना त्यांचे डोळे भरून आले. मला तेव्हा हसू आले होते, हे कबूल करतो. पण माणसाकडे स्वतःचे म्हणून सांगण्यासारखे एकच काही असते, आणि ते कोणाचे दात असू शकतात.

शेवटी नांदेड ठरले. पहाटेची एसटी, डोक्याला उपरणे, सूज झाकायला मफलर. एप्रिल महिना होता. अहमदपूरला उतरणाऱ्या एका बाईने, म्हाताऱ्याला ताप आहे असे समजून त्यांना खिडकीची जागा दिली.

माझ्या दाढेला टोपी बसवणाऱ्या डॉक्टर फरहत यांचा दवाखाना जुन्या बाजारात, आजोबांच्या दुकानाच्या जागी आहे. आजोबा तिथे कवळ्या बनवत. नात दात पडायच्या आधीच वाचवते, एवढाच घराण्याच्या धंद्यात बदल. काउंटरवर सरांनी नाव लिहिले 'बाबुराव पाटील'. थोड्या वेळाने आतून हाक आली, "बाबुराव पाटील!" कोणी उठेना. दुसरी हाक आली. सर भिंतीवरचा दाताचा तक्ता वाचत होते. तिसऱ्या हाकेला शेजारच्याकडे बघून म्हणाले, "अहो, बोलावून राहिले ना, जा की."

मी त्यांना ढोसून आत नेले. डॉक्टरांनी दिवा ओढला आणि म्हणाल्या, "तोंड उघडा." सरांनी माझ्याकडे पाहिले. त्या नजरेत मुलाखतीची थोडी क्षमायाचना असावी, किंवा नुसतीच कळ.

"सर," बराच वेळ पाहून डॉक्टर म्हणाल्या, "मागच्या साली आमच्या शिबिरात सुपारी तुम्हीच फोडली ना?"

उघड्या तोंडाने खोटे बोलता येत नाही. सरांनी डोळे मिटले.

डॉक्टरांनी एक्स-रे दाखवून समजावले. दाढेतली नस मेली आहे, मुळाशी पू झाला आहे. आतली घाण काढायची, मुळाच्या नळ्या साफ करायच्या, औषध ठेवायचे, मग भरायचे. "तीनदा यावं लागेल. घाबरू नका, सुन्न केल्याशिवाय मी हात लावत नाही. दाढ वाचते, सर. पण शेवटी टोपी बसवायचीच. नस काढलेली दाढ वाळल्या लाकडासारखी होते. टोपी नाही घातली तर एक दिवस उभी चिरते."

दाढ वाचते, हे ऐकून सरांचा चेहरा सुजेसकट उजळला. ते तिन्ही वेळा आले, तिन्ही वेळा बाबुराव पाटील म्हणून. पू गेला, सूज उतरली, दाढ भरून झाली. चौथ्या वेळी टोपीचे माप द्यायचे होते. त्या दिवशी मी सकाळी घरी गेलो, तर सर लुंगीवर निवांत पेपर वाचत बसलेले.

"दुखनं गेलं ना? मग? मुखेड आलं की मानूस मुखेडला उतरतो. पुढलं तिकीट कशाला काढायचं?"

"सर, डॉक्टर म्हणाल्या होत्या..."

"टोपी म्हंजे परका माल. मग 'सगळे माझे स्वतःचे' हे कोन्या तोंडानं म्हनू?"

वरातीतल्या मुडद्याची मी आठवण करून दिली नाही. तशी गरज नव्हती. त्यांनाच ती आठवत होती, म्हणून तर ते पेपरातून मान वर काढत नव्हते. स्वतः केलेल्या विनोदाला भिऊन दाढ गमावलेला दुसरा माणूस मला माहीत नाही.

सत्काराच्या दिवशी निघताना इंदूवहिनी म्हणाल्या, "एक दिस नगा फोडू. ती सुपारी काय तुमची वैरीन हाय?"

"लोक कशाला येऊन राहिलेत मग?"

"मग डावीकडनं फोडा," मी म्हणालो.

"चाळीस वर्षं उजवीकडनं फोडलीय, मराठी. लोकांच्या ध्यानात येतंय."

लोकांच्या काहीही ध्यानात येत नाही, हे त्या संध्याकाळी सिद्ध झाले. मंडप भरला होता. चार वक्त्यांनी सरांच्या दातांना अनुक्रमे मोत्यांची, हिऱ्यांची, संस्कारांची आणि मराठवाड्याच्या अस्मितेची उपमा दिली. मग सर उठले. तबकातून सुपारी घेतली, उजव्या दाढेखाली धरली, माईक गालाला लावला. मी पहिल्या रांगेतून डावा हात हलवत होतो. शेजारच्यांना वाटले, मी कोणाला तरी नमस्कार करतो आहे.

आवाज आला. 'कडाक्' नव्हे, त्याहून कोरडा, बारीक, आतल्या आत झालेला. टाळ्या मात्र नेहमीच्याच पडल्या. सरांनी तळहात वर केलाच नाही. अख्खी, साबूत सुपारी मुठीत आवळून त्यांनी कोटाच्या खिशात टाकली, रुमाल ओठांवर धरला आणि आयुष्यातले सर्वांत लहान भाषण केले. "धन्यवाद," एवढेच म्हणून ते खाली बसले.

दुसऱ्या दिवशी पेपरात आले, 'सत्काराला उत्तर देताना सरांना गहिवरून आले.'

नांदेडला डॉक्टर फरहत यांनी पुन्हा दिवा ओढला. 'मी सांगितलं होतं' हे वाक्य न बोलणारी माणसे मी फार थोडी पाहिली आहेत. दाढ मधोमध, मुळापर्यंत चिरली होती. काढण्यावाचून इलाज नव्हता. दाढ काढून झाल्यावर बोळा दाबलेल्या तोंडाने सर काहीतरी पुटपुटले. मी अर्थ सांगितला, "दोन्ही तुकडे द्या म्हणतात." डॉक्टरांनी ते धुऊन एका छोट्या पांढऱ्या डबीत घालून दिले. परतीच्या एसटीत लोहा ओलांडल्यावर सरांनी डबी उघडून पाहिली. मग बोळा खिडकीबाहेर टाकून म्हणाले, "तोंडात एकतीस अन् डबीत दोन. तेहेतीस. वाढलाच की एक."

त्यानंतर सुपारी बंद झाली. "आता तरुणांना संधी द्यायला हवी," असे ते मंचावरून म्हणत. कोणी तरुण पुढे आला नाही. बत्तीसचा आकडा मात्र भाषणात राहिला. फक्त 'माझ्या तोंडात' याऐवजी ते 'आजही माझ्याजवळ आहेत' असे म्हणू लागले आणि म्हणताना हात नकळत खिशावर जाई. ते खोटे बोलत नव्हते. मी बावीस वर्षे 'मराठी' होतो. निदान एवढे तरी मला कळले.

ते मागच्या हिवाळ्यात गेले. दुसऱ्या दिवशी डॉक्टर फरहतचा फोन आला. "एक विचारू? तुमच्या लातूरहून माझ्याकडे दर महिन्याला एक बाबुराव पाटील येतो. कधी तरुण, कधी म्हातारा. एकदा तर बाई होती. सगळे आल्या आल्या सांगतात, टोपी घालायचीच असं पाठवणाऱ्यांनी बजावलंय. ते पाठवणारे सरच ना?"

तिसऱ्या दिवशी राख सावडायला आम्ही निघालो, तेव्हा इंदूवहिनींनी मला दारात थांबवले आणि ती पांढरी डबी माझ्या हातात ठेवली.

"हे बी त्येंच्या अस्थीत टाका, भाऊजी. हे वर गेल्यावर बी बत्तीसच सांगनार. अन् तिथं कुनी 'तोंड उघडा' म्हनलं तर?"