गोटीराम पगारे आणि आमचा डिझाइन विभाग

गोटीराम पगारे सातपूरच्या आमच्या कारखान्यात कॉइली गुंडाळायचा. शिक्षण सातवी. मनमाडला रेल्वेच्या मोटारी दुरुस्त करता करता हात बसलेला. मी बी. कॉम., इंग्रजी बरे, म्हणून पत्रव्यवहार माझ्याकडे.

१९८४ साली गुजरातेतल्या एका संशोधन संस्थेचे काम आले. लाखो अंश तापलेला वायू भिंतीला टेकू न देता चुंबकाच्या जोरावर अधांतरी धरायचा, त्यासाठी तांब्याच्या मोठ्या कॉइली हव्या होत्या. ड्रॉइंग संस्थेचेच. ते पाहून गोटीराम माझ्या टेबलाशी आला.

"भाऊसाहेब, वीज आत नेणारी पट्टी इकडं अन् बाहेर आणणारी पार तिकडं. नाय चालायचं हे."

"शास्त्रज्ञांनी काढलंय ते. तू गुंडाळ."

"गुंडाळतो की. आधी बघा तर."

मुलीच्या शाळेतले होकायंत्र त्याने डब्याच्या पिशवीतून आणले होते. बॅटरीच्या जाणाऱ्या-येणाऱ्या दोन तारा एकमेकींपासून लांब ठेवल्या, तर सुई फिरली. त्याच तारा एकमेकींना बांधल्या, तर जागची हलली नाही.

"पट्ट्यांचंच निराळं चुंबक झालं, तर आतला वायू सरळ राहील का?"

मी संस्थेला लिहिले, 'आमच्या डिझाइन विभागाच्या निदर्शनास आले आहे की...' असा विभाग आमच्याकडे नव्हता. सातवी शिकलेल्याचे नाव शोभणार नाही, असे मी स्वतःला सांगितले. पगारे हे आडनावही मनात आले होते. हे आजवर कोणाला सांगितले नाही.

संस्थेने ड्रॉइंग बदलून दोन्ही पट्ट्या जोडीने शेजारी घेतल्या. दोन वर्षांनी चाचणी पाहायला डिझाइन विभागातल्या दोघांना बोलावणे आले. मी मालकांचे आणि माझे नाव कळवले.

"आपल्या डिझाइन विभागात कोण कोण हाय, भाऊसाहेब?" गोटीरामने हसत विचारले. "एकदा दाखवा तरी."

मी फाइल चाळत राहिलो.

चाचणीच्या दिवशी संस्थेत एका तरुण शास्त्रज्ञाने मला बाजूला घेऊन विचारले, पट्ट्या जोडीने काढायचे कसे सुचले? मी म्हणालो, "अनुभव." त्याने माझा हात हातात घेतला. तेव्हाही नाव सांगता आले असते.

परत आलो त्या दिवशी गोटीराम हात पुसत दारापर्यंत आला.

"पट्ट्यांपाशी सुई धरली का त्यांनी? हलली?"

मी विचारलेच नव्हते. जेवण चांगले होते, तेवढे मला आठवत होते.

"नाही हलली," मी म्हणालो.

"मग झालं," तो म्हणाला आणि ते इतरांना सांगायला आत गेला.